तिला वर पाठवू नकोस

‘मावशी, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगी बारावीत आहे. सगळ्यांचं ऐकून तिनं एपी लिटरेचर घेतलं, म्हणजे शाळेतच कॉलेजच्या तोडीचं इंग्रजी साहित्य. एपी कॅल्क्युलस असतं तर आम्ही दोघांनी मिळून करून घेतलं असतं, दोघेही इंजिनिअर आहोत. पण इंग्रजी कविता म्हटली की आमचे हातपाय गार पडतात. पहिल्याच निबंधाला सहापैकी तीन मिळाले, म्हणजे पन्नास टक्के! आठवड्यातून दोनदा ऑनलाइन ट्यूटर लावला. मी स्वतः एकेका कादंबरीचे सारांश प्रिंट करून फाईल केली, दर शनिवारी तिची तोंडी परीक्षा घेते. पण तिचं लक्ष नाही. खोलीत एवढं मोठं डेस्क घेऊन दिलंय, तरी संध्याकाळी पुस्तक घेऊन खाली येते आणि ओट्याशी बसून मोठमोठ्यानं वाचत राहते. परवा एका कवितेत दार तीनदा का येतं म्हणून माझं डोकं खाल्लं. मी पोळ्या करत होते. शेवटी म्हटलं, वर जा आणि नीट अभ्यास कर. तिला गोडी कशी लावू? कॉलेजच्या अ‍ॅडमिशनवर परिणाम होईल का?’

अगं, गोडी कोणाला लावतेस?

सतरा वर्षांची मुलगी, फोन वर ठेवून, आपण होऊन खाली येते, आईसमोर बसून कविता वाचते, आणि एकच शब्द तीनदा का आला म्हणून अस्वस्थ होते. आणि आई तिला अभ्यासाला वर पाठवते! तुझं पत्र मी दोनदा वाचलं. ट्यूटर, फाईल, शनिवारची परीक्षा हे तू कौतुकानं सांगितलंस. दाराला एक ओळ. तीही तक्रार म्हणून.

आधी अ‍ॅडमिशनचं सांगून टाकते, म्हणजे तुझी छाती धडधडायची थांबेल. एपीची परीक्षा मे महिन्यात, निकाल जुलैत. तोवर कुठल्या कॉलेजात जायचं हे ठरून गेलेलं असतं. त्या परीक्षेचा उपयोग झालाच तर पुढे क्रेडिट मिळायला, म्हणजे कॉलेजातला तेवढा अभ्यास झाला असं धरायला, आणि तेही कॉलेजागणिक वेगळं. शाळेतली या विषयाची ग्रेड मात्र कॉलेजं बघतात, ते खरं. पण एका निबंधावर वर्षाची ग्रेड ठरत नाही.

आता ते सहापैकी तीन. तू इंजिनिअर, लगेच टक्के काढलेस. ते टक्के नव्हेत गं. सहा गुणांतला एक मिळतो मुद्दा स्पष्ट मांडल्याबद्दल. चार मिळतात पुरावा आणि त्यावरच्या भाष्याला, म्हणजे कवितेतली ओळ दाखवायची आणि ती ओळ तिथं काय करते ते सांगायचं. शेवटचा एक गुण असतो विचार खोलवर नेल्याचा, तो भल्याभल्यांना मिळत नाही. तेव्हा तिची गाडी बहुतेक मधल्या चारांत अडली आहे. ओळी तिला सापडतात, ‘बरं, मग?’ हे सांगायचं राहून जातं. बारावीच्या सुरुवातीला बहुतेकांचं तिथंच राहतं.

यात तुझी फाईल कुठं बसते सांग बघू? परीक्षा तीन तासांची. पहिल्या तासात पंचावन्न प्रश्न, पर्याय निवडायचे, पण तेही तिथल्या तिथं दिलेल्या उताऱ्यांवर. उरलेल्या दोन तासांत तीन निबंध, म्हणजे एकाला सरासरी चाळीस मिनिटं. पहिला निबंध समोर ठेवलेल्या कवितेवर, दुसरा समोर ठेवलेल्या गद्य उताऱ्यावर. दोन्ही तिनं आयुष्यात पाहिलेले नसण्याचीच शक्यता जास्त. तिसरा तेवढा तिनं स्वतः वाचलेल्या एखाद्या पुस्तकावर, आणि तिथं प्रश्नातच बजावलेलं असतं की नुसतं कथानक सांगत बसू नका. तू दर शनिवारी काय विचारतेस? नायकाच्या बहिणीचं नाव काय आणि चौथ्या प्रकरणात कोण मेलं. तुझ्या कष्टांना मी नावं ठेवत नाही, पण त्या मुलीचे शनिवार तू वाया घालवते आहेस.

माझ्या आजीला अक्षर ओळख नव्हती. श्रावणात ती मला पोथी वाचायला बसवायची. मला अंगणात लगोरी खेळायला पळायचं असायचं, म्हणून मी आगगाडीसारखी वाचत सुटायचे. चार ओव्या झाल्या की आजीचा हात पानावर. ‘म्हणजे काय झालं गं?’ मी चिडून सांगायचे. सांगताना कळायचं की मलाच कळलेलं नाही, मग परत मागं जायचं. तिला अर्थ खरोखर कळत नव्हता की मला अंगणात जाऊ द्यायचं नव्हतं, देव जाणे. पण कुठल्या ओवीत काय चाललंय हे मला आजही सांगता येतं, आणि पुढे कॉलेजात ज्या कविता प्राध्यापकांनी समजावून सांगितल्या त्यातली एक धड आठवत नाही.

तुझी मुलगी वाचतेच आहे. तिला हात ठेवणारं कोणी हवंय. ट्यूटर ते करू शकत नाही, कारण त्याला उत्तर माहीत असतं. ज्याला माहीत आहे त्याच्यापुढे मूल अंदाज बांधत बसतं, याला काय ऐकायचं असेल म्हणून. तुला खरंच माहीत नाही. गेले दोन महिने तू ज्याची लाज वाटून घेते आहेस ना, ते तुझं न कळणंच त्या घरात सगळ्यात कामाचं आहे.

तेव्हा एकच कर. उद्या संध्याकाळी ती खाली आली की तिला बसू दे. ओट्याजवळच्या स्टुलावर मिक्सरचा डबा नाहीतर कोथिंबिरीची पिशवी असेल, ती उचल. तुझ्या पोळ्या चालू ठेव, हातातलं टाकून तिच्यासमोर मांडी ठोकून बसलीस तर ती बिथरेल. कविता ऐक. मग मराठीत विचार, ‘म्हणजे काय गं?’ ती म्हणेल, मॉम, इट्स लाइक... म्हणू दे. तू परत विचार, ‘असं कुठं लिहिलंय? दाखव.’ ती ओळ दाखवेल. मग, ‘बरं, मग?’ बस. ओळ दाखवली आणि मग काय ते सांगितलं, झालं की ते चार गुणांचं काम! तिचं मराठी मोडकं असेल, तुझं कवितेचं इंग्रजी मोडकं आहे, छान झालं. इंग्रजी कविता आईला कळेल अशी सांगायची तर तिला मोठमोठे शब्द पांघरून पळता येणार नाही. ‘टोन’ नि ‘इमेजरी’ म्हणून तिची सुटका होत नाही, त्याचं आईला काय!

उत्तर मात्र तू द्यायचं नाहीस. सुचलं तरी नाही. आणि सुचेल बरं का, तेव्हा ओठ घट्ट मिटून पोळी उलट. ती म्हणाली की नाही सांगता येत, तर म्हण, राहू दे, उद्या परत वाच.

ट्यूटर ठेवायचा तर ठेव, पैसे तुझे. ती फाईल मात्र रद्दीत टाक आणि शनिवारी तिला झोपू दे. नवऱ्यालाही एखाद्या दिवशी लाटणं दे, म्हणजे ‘बरं, मग?’ विचारायला दोघं होतील.

तिला हे सगळं मावशीनं सांगितलंय असं सांगू नकोस, नाहीतर त्याचाही क्लास होईल. आणि परवा तिला हाकललंस, त्याचं काहीतरी करावं लागेल. माफीबिफी मागत बसू नकोस, सतराव्या वर्षी आईनं माफी मागितली की पोरं अवघडतात. पीठ मळता मळता, तिच्याकडे न बघता, नुसतं विचार, ‘त्या दाराचं पुढं काय झालं गं?’

आणि काय म्हणाली ते मला कळव. तीनदा का येतं ते मलाही कळायला हवंय.