साखळीतल्या चोरीचा भार कोणावर?

प्रश्न : माझा भाचा ब्रिटनमध्ये शीतपेयांचा घाऊक व्यापार करतो आणि बराचसा माल निर्यात करतो. त्याच्या मागच्या पुरवठादारांपैकी कोणीतरी कर बुडवला, असे सांगून तेथील महसूल विभागाने त्याचा व्हॅटचा परतावा नाकारला. त्याने मात्र बिलाची पूर्ण रक्कम करासह बँकेमार्फत चुकती केली आहे. दुसऱ्याच्या लबाडीसाठी याला का भरडावे?

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, पण ही चोरी कशी होते, ते आधी पाहू. एक व्यापारी परदेशातून व्हॅट न भरता माल आणतो, तो १,००,००० पौंडांना विकताना वर २० टक्के, म्हणजे २०,००० पौंड व्हॅट घेतो आणि ती रक्कम सरकारजमा न करताच गाशा गुंडाळतो. माल दोन-तीन हातांतून फिरून निर्यातदाराकडे येतो. निर्यातीवर व्हॅटचा दर शून्य असल्यामुळे तो खरेदीवर भरलेला व्हॅट परत मागतो आणि तिजोरीत कधी आलीच नाही ती रक्कम तिजोरीतून बाहेर जाते. मूळ चोर फरार असतो. हाती लागतो तो परतावा मागणारा.

तरीही त्याला सरसकट दोषी धरता येत नाही. ज्याला चोरीची माहिती नव्हती आणि ती कळण्याचा मार्गही नव्हता, त्याचा परताव्याचा हक्क अबाधित राहतो, असे युरोपीय न्यायालयाने जानेवारी २००६ मध्ये ऑप्टिजेन खटल्यात सांगितले. त्याच वर्षी जुलैमध्ये किटेल खटल्यात त्याची दुसरी बाजू ठरली : आपली खरेदी करचोरीशी जोडलेली आहे हे ज्याला ठाऊक होते किंवा ठाऊक असायला हवे होते, त्याला हा हक्क मिळत नाही. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरही ब्रिटनमध्ये हे तत्त्व लागू आहे.

सारा वाद ‘ठाऊक असायला हवे होते’ या शब्दांभोवती फिरतो. मोबिल्क्स खटल्यात २०१० मध्ये तेथील अपील न्यायालयाने स्पष्ट केले की नुसता धोका दिसत होता एवढे पुरेसे नाही. व्यवहार करचोरीशी जोडलेला असणे हेच त्या परिस्थितीचे एकमेव वाजवी स्पष्टीकरण असले पाहिजे आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी विभागाची आहे. मला हा निकष न्याय्य वाटतो. मात्र विभागाने संशयालाच पुरावा मानले, तर प्रामाणिक व्यापारी हकनाक बुडेल.

तेव्हा भाच्याला काही प्रश्न विचारा. कालपरवा सुरू झालेला पुरवठादार एकदम प्रचंड माल कसा देऊ लागला? विकणाऱ्यानेच गिऱ्हाईकही आणून दिले का? पैसे तिसऱ्याच्या खात्यात भरायला सांगितले होते का? मालाची तपासणी आणि विमा झाला होता का? विभागाने पूर्वी सावधगिरीचे पत्र पाठवले असेल आणि त्यानंतरही त्याच पुरवठादाराशी व्यवहार चालू राहिला असेल, तर बाजू फार कमकुवत होते. शिवाय २०१७ पासून अशा व्यवहारांवर नाकारलेल्या व्हॅटच्या ३० टक्के दंडही होऊ शकतो.

निर्णयाच्या पत्रावरील तारखेपासून साधारणपणे ३० दिवसांत कर न्यायाधिकरणाकडे अपील करावे लागते. खरेदीच्या वेळी केलेल्या चौकशीचे ईमेल, पुरवठादाराच्या नोंदणीची पडताळणी आणि मालवाहतुकीची कागदपत्रे घेऊन त्याने या आठवड्यातच करसल्लागाराची गाठ घ्यावी.