फोन मध्येच ठेवून दिला तर चालेल का?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयाची आहेत: घरातील ज्येष्ठांना येणारे संशयास्पद फोन. काही पत्रे ज्येष्ठांनी स्वतः लिहिली आहेत, काही त्यांच्या मुलांनी. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे वगळली आहेत. बँकेतील नोकरीत आणि निवृत्तीनंतर ज्येष्ठ नागरिक संघाच्या कामात हे प्रकार मी जवळून पाहिले असल्यामुळे उत्तरे थोडी सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : माझी आई ७४ वर्षांची असून सांगलीला एकटी राहते. ती निवृत्त शिक्षिका आहे. तिच्या आधार कार्डावर घेतलेल्या सिमचा वापर मनी लाँडरिंगसाठी झाला आहे, असा तिला फोन आला. नंतर व्हिडिओ कॉलवर पोलिसांच्या गणवेशातील माणूस दिसला आणि 'तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही, कोणाला सांगितले तर मुलीलाही अटक होईल', असे तिला सांगण्यात आले. दोन दिवस ती तशीच बसून होती. तिसऱ्या दिवशी ती मुदत ठेव मोडायला बँकेत गेली, तेव्हा तिचे हात थरथरताना पाहून तेथील अधिकारी बाईंनी तिला बसवून घेतले आणि मला फोन लावला. पैसे वाचले; पण तेव्हापासून आई कोणाचाच फोन उचलत नाही. 'एवढी शिकलेली असून माझ्या हातून हे कसे झाले', असे सारखे म्हणते. तिची समजूत कशी घालावी? (ठाणे)

उत्तर : आधी कायद्याची बाजू सांगतो, कारण आईंच्या मनातली भीती तिथेच रुतून बसली आहे. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत अटकेची पद्धत दिली आहे. तिच्यात कोणाला कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवण्याची तरतूद नाही. अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्येच लिहिले आहे. पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवरून बजावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. याच संहितेच्या कलम ३५ नुसार, तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठ वर्षांवरील व्यक्तीला अटक करायची असेल, तर किमान पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. कलम १७९ नुसार, साक्षीदार म्हणून चौकशी करायची असल्यास साठ वर्षांवरील पुरुषाला किंवा कोणत्याही वयाच्या स्त्रीला पोलीस ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनीच त्यांच्या घरी जायचे असते. खरा कायदा ज्येष्ठांना किती सांभाळून घेतो, हे आईंना या कलमांसह वाचून दाखवा. शिक्षिकेला छापील शब्दाचा आधार वाटतो.

दुसरी गोष्ट पैशांची. 'तुमचे पैसे काळे की पांढरे ते तपासायचे आहे, तोवर ते आमच्या खात्यात भरा, पडताळणी झाली की परत मिळतील', हे वाक्य या फसवणुकीत कोठे ना कोठे येतेच. भारतातील कोणतीही तपासयंत्रणा, कोणतेही न्यायालय किंवा रिझर्व्ह बँक नागरिकाला असे पैसे भरायला सांगत नाही. एखाद्या खात्यावर संशय असेल, तर यंत्रणा बँकेला कळवून ते खाते गोठवते. खातेदाराला धावपळ करायला लावत नाही.

आता आईंच्या प्रश्नाविषयी. शिकलेली माणसे का फसतात, या प्रश्नातच थोडी गल्लत आहे. हा डाव अज्ञानावर उभा नसून सरळपणावर उभा आहे. ज्या पिढीने कर वेळेवर भरला, कचेरीतून आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर दिले आणि फोनवर बोलणाऱ्याला मध्येच तोडणे उद्धटपणाचे मानले, त्या पिढीचे हे सद्गुणच तिच्याविरुद्ध वापरले जातात. २०२४ मध्ये एका नामवंत वस्त्रोद्योग समूहाच्या ८२ वर्षांच्या प्रमुखांकडून अशाच रीतीने सात कोटी रुपये उकळण्यात आले; त्यांच्यासमोर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणीसुद्धा उभी करण्यात आली होती. न्यायालयाच्या नावाचे बनावट आदेश दाखवून ज्येष्ठांना लुबाडण्याचे प्रकार इतके वाढले, की ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या विषयाची दखल घेतली. या माणसांना व्यवहारज्ञान नव्हते, असे कोणी म्हणू शकेल का?

मग फरक कशाने पडतो? मी पाहिलेल्या प्रकरणांत एक गोष्ट सारखी होती: फसलेला माणूस त्या काळात एकटा पाडला गेला होता. 'कोणाला सांगू नका' ही अट या गुन्ह्याचा कणा आहे, कारण शेजारच्या बाईंना किंवा रिक्षावाल्याला जरी ही हकीगत सांगितली, तरी तिचा खोटेपणा सांगता सांगताच जाणवू लागतो. आपल्या आई वाचल्या त्याही कोणी तरी आपुलकीने विचारपूस केल्यामुळे. बँकेत काय सांगायचे हेसुद्धा ही माणसे पढवून ठेवतात. मुलीच्या घरासाठी, आजारपणासाठी असे काहीतरी. तरीही त्या अधिकारी बाईंनी चेहरा वाचला. त्यांना आईंच्या हस्ताक्षरात आभाराचे पत्र जाऊ द्या. आईंनाही ते लिहिताना बरे वाटेल.

आणि एक विनंती आपल्याला. 'तू मला आधी का नाही सांगितलेस', हा प्रश्न, तो प्रेमापोटी असला तरी, काही महिने विचारू नका. न सांगण्याचे कारण आपणच आहात: आईंना आपल्याला वाचवायचे होते.

प्रश्न : मी राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झालो आहे. नोव्हेंबरमध्ये कोषागारातून बोलतो असे सांगून एकाने फोन केला. माझा पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक, जन्मतारीख, निवृत्तीची तारीख असे सर्व काही त्याने अचूक सांगितले आणि हयातीचा दाखला घरबसल्या नोंदवण्यासाठी मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला. मी दिला नाही; पण माझी माहिती त्याच्याकडे कशी आली, याने अस्वस्थ झालो आहे. (नाशिक)

उत्तर : आपण ओटीपी दिला नाहीत, हे उत्तम झाले. माहिती फुटण्याच्या वाटा अनेक आहेत: झेरॉक्सच्या दुकानात राहिलेली प्रत, एखाद्या गटात टाकलेला फोटो, चोरीला गेलेल्या याद्या. त्यातली नेमकी वाट शोधत बसण्यापेक्षा एक सवय बदलणे अधिक उपयोगाचे आहे. समोरच्याला आपली माहिती ठाऊक आहे, हा तो खरा असल्याचा पुरावा मानू नये. आपल्या पिढीला तसे मानण्याची सवय आहे, कारण पूर्वी ती माहिती खरोखरच फक्त कचेरीतल्या वहीत असे.

हयातीचा दाखला फोनवर होत नाही. बँकेत वा कोषागारात जाऊन सही करणे, जीवन प्रमाण प्रणालीत बोटांचे ठसे किंवा चेहरा दाखवून स्वतः नोंद करणे, किंवा इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या सेवेतून पोस्टमनला घरी बोलावणे, असे मार्ग आहेत. यातील प्रत्येक मार्गाची सुरुवात आपण करायची असते. नोव्हेंबर जवळ आला की असे फोन वाढतात, म्हणून आपल्या पेन्शनर मित्रांना ऑक्टोबरमध्येच ही हकीगत सांगावी.

प्रश्न : 'मागील महिन्याचे बिल अद्ययावत नसल्याने आज रात्री साडेनऊ वाजता वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याशी संपर्क साधा', असा संदेश आला. खरा असू शकेल का? (अकोला)

उत्तर : नाही. वीज कायदा, २००३ मधील कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी किमान पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. संदेशातील क्रमांकाला फोन करू नये. शंका असल्यास कागदी बिलावर छापलेल्या क्रमांकावर विचारावे.

प्रश्न : मी ६९ वर्षांचा आहे. दहा दिवसांपूर्वी बँकेचे केवायसी संपले आहे असे सांगून एकाने माझ्याकडून मोबाइलवर एक अ‍ॅप घेववले आणि बोलता बोलता खात्यातून १,८५,००० रुपये गेले. मुलाला अजून सांगितलेले नाही. तो रागावेल आणि यापुढे माझ्या हाती व्यवहार ठेवणार नाही. आता काही होऊ शकते का? (कोल्हापूर)

उत्तर : हे वाचताच, आजच, १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा. आपला खाते क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ आणि बँकेच्या संदेशातील व्यवहार क्रमांक जवळ ठेवा. हीच तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवता येते. त्यानंतर शाखेत लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्या. गेलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात वेगाने फिरवले जातात. वाटेत ज्या खात्यात ते सापडतील तेथे ते रोखून धरण्याची व्यवस्था १९३० मार्फत होते आणि रोखलेली रक्कम न्यायालयाच्या आदेशाने परत मिळू शकते. पहिल्या एक-दोन तासांत तक्रार गेली तर आशा सर्वाधिक असते. दहा दिवसांनी ती बरीच कमी झाली आहे, हे आपल्यापासून लपवणे योग्य होणार नाही. तरीही तक्रार करायलाच हवी, कारण आणखी पैसे जाण्याचा धोका अजून टळलेला नाही.

तो धोका असा. त्या अ‍ॅपमधून आपल्या मोबाइलचा पडदा समोरच्याला दिसत होता. मोबाइलचे इंटरनेट बंद करून ते अ‍ॅप काढून टाका आणि पासवर्ड, पिन दुसऱ्या विश्वासू मोबाइलवरून किंवा शाखेत जाऊन बदला. तक्रार केल्यानंतर झालेल्या अनधिकृत व्यवहाराचे नुकसान बँकेने सोसायचे असते, असा रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ पासूनचा नियम आहे. त्या आधीचे नुकसान, ग्राहकाने स्वतः माहिती दिली असल्यास, ग्राहकावर येते. म्हणजे तक्रारीला होणारा प्रत्येक दिवसाचा उशीर आपल्याच अंगावर येतो. येत्या काही आठवड्यांत 'आम्ही तुमचे पैसे परत मिळवून देतो, थोडे शुल्क भरा' असे फोनही येऊ शकतात. ते त्याच टोळीचे किंवा तिने विकलेल्या यादीवरून आलेले असतात.

मुलाला आज संध्याकाळीच सांगा. बोलणे जड जात असेल तर या अंकाचे हे पान त्याच्यासमोर ठेवा. आणि त्यांच्या चिरंजीवांना माझे सांगणे असे आहे: बाबांच्या हातून व्यवहार काढून घेऊ नका. ज्या घरात चूक सांगितल्यावर हक्क जातो, त्या घरात पुढची चूक कधीच सांगितली जात नाही.

प्रश्न : आम्ही दुबईत आहोत आणि आई-बाबा रत्नागिरीला. त्यांना साधा बटणांचा फोन द्यावा, असे वाटू लागले आहे. हा विचार योग्य आहे का? (दुबई)

उत्तर : त्याच मोबाइलवर ते नातवंडांचे चेहरे पाहत असतील. तो काढून घेण्याआधी पैशांची मांडणी बदलून पाहा, आणि तीही त्यांना विचारून. यूपीआय एका लहान शिल्लक असलेल्या खात्याशी जोडावे. मोठ्या ठेवी ज्या खात्यात आहेत त्याचे नेट बँकिंग बंद ठेवावे आणि रोजच्या व्यवहाराची मर्यादा कमी करून घ्यावी. बँका हे अर्ज घेतात. नकली लग्नपत्रिका किंवा दंडाच्या नोटिशीच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या एपीके फाइल (उघडताच मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवू पाहणाऱ्या) उघडू नयेत, हे पुढच्या भेटीत शेजारी बसून दाखवावे. संशयास्पद फोन आला तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी या व्यवस्थेतील 'चक्षू' सुविधेवर कळवता येते. हे काम तुम्ही त्यांच्यासाठी करावे.

परदेशात मुले असलेल्या घरांसाठी आणखी एक काळजी आहे. 'तुमच्या मुलाला अपघात झाला आहे, पोलिसांनी पकडले आहे' असा फोन येतो आणि आता आवाजाची हुबेहूब नक्कलही करता येते. घरातला एखादा जुना शब्द ठरवून ठेवा, जो कोठेही लिहिलेला नाही: गोठ्यातल्या गाईचे नाव, आजोबांनी ठेवलेले टोपणनाव. फोनवर कितीही रडारड ऐकू आली तरी आधी तो शब्द विचारायचा, आणि लगेच तुमच्या नेहमीच्या क्रमांकावर फोन करायचा. रात्री-अपरात्री असा फोन आला तर तुम्ही चिडणार नाही, एवढा शब्द तुम्ही द्या.

प्रश्न : बँकेतून बोलतो म्हणणाऱ्या माणसाचा फोन मी मध्येच ठेवला. नंतर कळले की तो खरोखरच आमच्या शाखेतला होता आणि त्याला वाईट वाटले. मी चुकलो का? (पुणे)

उत्तर : मुळीच नाही. बँकांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिलेले आहेत, परंतु केवळ क्रमांक पाहून खात्री करू नये. फोन ठेवावा, पासबुकावरील क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा किंवा शाखेत जावे. त्या कर्मचाऱ्याला भेटाल तेव्हा हे कारण सांगा. मी बँकेत असताना एका आजींनी असाच माझा फोन ठेवला होता आणि दुसऱ्या दिवशी त्या काठी टेकत शाखेत येऊन 'काल तूच होतास का रे' असे विचारून गेल्या. त्यांचे काम मी सर्वांच्या आधी केले.