मोटारहोमच्या (आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या) टायरमध्ये हवा किती भरायची?

टायरच्या बाजूवर छापलेला आकडा पाहून हवा भरू नका. तो टायरच्या कमाल वजनासाठीचा दाब असतो. तुमची गाडी किती भरली आहे, हे त्याला काय माहीत?

आधी पाण्याची टाकी, डिझेल, सिलिंडर, सामान, माणसं सगळं भरून गाडी वजनकाट्यावर न्या. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे जड गाड्यांची वर्दळ आहे, तिकडे काटा सापडेल. पुढच्या आणि मागच्या अॅक्सलचं वजन वेगवेगळं घ्या. जमलं तर डाव्या-उजव्या बाजूचंही, कारण टाकी आणि किचन बहुधा एकाच अंगाला असतात. समजा मागे चार टायर आहेत, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन टायरचं जोडचाक, आणि एका बाजूला ३२०० किलो, दुसऱ्या बाजूला २८०० किलो भरलं. मग जड बाजू धरा: ३२०० किलो दोन टायरवर, म्हणजे प्रत्येकी १६००. टायर कंपनीच्या वजन-दाबाच्या तक्त्यात जोडचाकाच्या रकान्यात १६०० किलोसमोरचा दाब पाहा आणि मागच्या चारही टायरना तोच ठेवा.

मोजायचं टायर थंड असताना, गाडी किमान तीन तास उभी असताना. सोलापूरच्या उन्हाळ्यात म्हणजे पहाटेच. वाटेत मोहोळला गरम टायरचा दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका. टायर थंड झाल्यावर ती कमी पडेल. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, तापतो आणि फुटतो.

जोडचाकातला आतला टायर मात्र सगळेच विसरतात. त्याची हवा गेली तर सगळा भार बाहेरच्यावर येतो, आणि चालवताना पत्ताही लागत नाही. व्हॉल्व्हला एक्स्टेन्शन बसवून घ्या, म्हणजे हात पोचेल. लाथ मारून अंदाज घेणं सोडा, मीटर स्वतःचं ठेवा.