बेळगावची शिवजयंती मिरवणूक आणि खानापूरच्या जंगलातले पक्षी: एकच कॅमेरा-लेन्स चालेल का?

कॅमेरा एकच चालेल, लेन्स मात्र दोन लागतील. बॉडीवर (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) कमी खर्च करा, वापरलेली एपीएस-सी मिररलेसही (मध्यम आकाराच्या सेन्सरची, आत आरसा नसलेली) पुरते.

चित्ररथ रात्री निघतात. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) ५५ एमएमला, म्हणजे पूर्ण झूमवर, एफ ५.६ वर अडकते; एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त. एफ १.८ ची प्राइम (झूम न होणारी लेन्स) जवळपास दहापट प्रकाश घेते. म्हणजे आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता; वाढवली की फोटो दाणेदार होतो) ६४०० ऐवजी साधारण ६४०. पण ५० एमएमच्या प्राइमने गल्लीत सगळं फार जवळ दिसतं, ३५ ची घ्या. एलईडीखाली फोटोत पट्टे येतात. इलेक्ट्रॉनिकऐवजी मेकॅनिकल शटर आणि वेग १/१०० सेकंद ठेवा. लेझीम मात्र त्या वेगावर फोटोत थोडी हललेली दिसणारच.

पक्ष्यांना किमान ३०० एमएम, तेही सकाळी ऊन वर आल्यावर.

माउंट (लेन्स बसवायची कंपनीगणिक वेगळी खाच) ठरवण्याआधी त्याच्या वापरलेल्या लेन्सचे भाव बघाच. खानापूरच्या पावसात लेन्सला बुरशी धरते, हवाबंद डब्यात सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) हवंच.