वाचकांचे प्रश्न : स्पॅनिश आणि विशेष शिक्षण

प्रश्न : मुलगी इंदूरलाच बारावीत आहे. तिला स्पॅनिश भाषा आणि संस्कृतीत पदवी घ्यायची आहे आणि पुढे विशेष मुलांची शिक्षिका व्हायचं आहे. दोन्ही जमेल का? आधी काय करावं?
— एक आई, सुदामानगर

उत्तर : जमेल, पण दोन्ही एकदम नको. विशेष शिक्षणाच्या प्रशिक्षणात शाळेत जाऊन करायचा सराव भरपूर असतो. त्याच्या जोडीला पूर्णवेळ भाषेची पदवी घेतली की दोन्हींकडे हाल होतात. आधी पदवी, मग विशेष शिक्षणातलं बी.एड., हा क्रम धरा.

दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आणि दिल्ली विद्यापीठात स्पॅनिशची ऑनर्स पदवी आहे. प्रवेश सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो. जेएनयूत स्पॅनिश आधीपासून यावं लागत नाही, सुरुवात अगदी मुळापासून होते.

अडचण पदवीनंतर येते. विशेष शिक्षणाच्या बी.एड.ला कोणत्याही शाखेतली पदवी साधारण ५० टक्क्यांनी चालते, पण तिथे अध्यापनाचे विषय निवडावे लागतात. त्यांची यादी विज्ञान, गणित, सामाजिक शास्त्र, हिंदी किंवा प्रादेशिक भाषा आणि इंग्रजी अशी असते. स्पॅनिश त्यात नाही. म्हणून पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच जोडविषय विचार करून घ्या. इंग्रजी किंवा सामाजिक शास्त्रातला एखादा विषय घेतला, तर पुढे खोळंबा होत नाही. पुष्कळ मुली नेमक्या इथेच अडकतात, आणि कळतं तेव्हा तिसरं वर्ष संपत आलेलं असतं.

दुसरी गोष्ट भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची. १९९२च्या कायद्याने विशेष शिक्षकाला परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव घालावं लागतं. ही नोंदणी फक्त मान्यताप्राप्त अभ्यासक्रमावरच मिळते आणि तिच्याशिवाय हे काम करणं गुन्हा आहे. मान्यता कॉलेजला सरसकट नसते. ती अभ्यासक्रमाला, दिव्यांगत्वाच्या प्रकाराला (श्रवण, दृष्टी, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता वगैरे) आणि ठरावीक सत्रांपुरती असते. फी भरण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावर कॉलेजचं नाव, प्रकार आणि सत्र हे तिन्ही जुळतात का, ते तिने स्वतः पाहावं. जाहिरातीतल्या ‘आरसीआय मान्य’ या दोन शब्दांवर विसंबू नका. राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर शिक्षक-प्रशिक्षणाची रचना बदलते आहे, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी शेजारच्या मुलीला मिळालेली माहिती आज चालेलच असं नाही.

पदवीच्या काळात डेले या स्पॅनिशच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेची बी२ (वरची-मध्यम) पातळी गाठली तर उत्तम. हे प्रमाणपत्र कायमचं असतं. गुण दोन गटांत मोजतात : वाचन-लेखन एक, श्रवण-संभाषण दुसरा. प्रत्येक गटात ५०पैकी ३० हवेतच. वाचन-लेखनात ४५ काढून श्रवण-संभाषणात २८वर अडकलं, तर निकाल नापास. घरी पुस्तकावर तयारी करणाऱ्यांचा हाच घात होतो, म्हणून रोज अर्धा तास ऐकण्याला द्यावा.

प्रश्न : माझा विद्यार्थी सातवीत आहे, त्याला डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अक्षमता) आहे. घरी मराठी, बाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि आता तिसरी भाषा म्हणून स्पॅनिश. सोडवावी का?
— एक शिक्षिका, इंदूर

उत्तर : लगेच सोडवू नका. इंग्रजीत एका अक्षराचे चार उच्चार होतात. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच, ‘आ, ए, इ, ओ, उ’, आणि ते बदलत नाहीत. अशा मुलाच्या स्पॅनिश वाचनात चुका कमी होतात, पण वेग मात्र कमीच राहतो. त्यामुळे शाळेकडे जास्तीचा वेळ जरूर मागा.

घरच्या मराठीचाही उपयोग होतो. ‘मला जिलबी आवडते, मला पोहे आवडतात’ यात क्रियापद जिलबी-पोह्यांप्रमाणे बदलतं. स्पॅनिशमध्ये नेमकं तसंच : ‘मे गुस्ता ला जिलबी, मे गुस्तान लोस पोहे’. इंग्रजीतून विचार करणारा मुलगा ‘यो गुस्तो’ म्हणून चुकतो, तुमच्या विद्यार्थ्याला ते मराठीतून दाखवा.

लेखनातल्या अडचणी ठरलेल्या आहेत. ‘बी’ आणि ‘व्ही’ या दोन अक्षरांचा उच्चार एकच. ‘एच’ मुका, म्हणून ‘होला’ असं लिहिलेलं ‘ओला’ वाचायचं. ‘सी’ अक्षरानंतर ‘आ, ओ, उ’ आलं तर त्याचा ‘क’ होतो, ‘ए, इ’ आलं तर ‘स’ (स्पेनच्या बऱ्याच भागात जीभ दातांत धरून ‘थ’सारखं). या तिन्ही गोष्टी एका आठवड्यात शिकवू नका.

रोज दहा मिनिटं पुरेत. पाच-सहा शब्द घ्या, प्रत्येक शब्दाचे तुकडे वेगवेगळ्या रंगांच्या चिठ्ठ्यांवर लिहा. मुलाने आधी टाळी देत तुकडे म्हणायचे, मग चिठ्ठ्या जुळवायच्या, मग चिठ्ठ्या झाकून लिहायचं. चूक झाली तर पूर्ण शब्द पुन्हा लिहायला लावू नका, चुकलेला तुकडाच बदलू द्या. शब्दांच्या डोक्यावर देवनागरीत उच्चार लिहून देण्याचा मोह आवरा, कारण मूल मग तेवढंच वाचतं आणि रोमन अक्षरांकडे बघतच नाही.

दोन-तीन महिन्यांनीही श्रुतलेखनाच्या दिवशी मुलाच्या पोटात दुखत असेल, तर मात्र सूट घ्यावी, त्यात कमीपणा नाही. विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातच मोडतो) २०१६च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यातल्या २१ प्रकारांत येते. सीबीएसईत अशा मुलांना तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद आहे, मात्र प्रमाणपत्र लागतं.

प्रश्न : विशेष शिक्षणाचं शिक्षण थेट स्पेनमध्येच घेतलं तर?
— एक विद्यार्थिनी, राजवाडा परिसर

उत्तर : विषयासाठी देश चांगला आहे. विशेष गरजांच्या मुलांना सर्वसाधारण शाळेत घेण्याचं युनेस्कोचं १९९४चं घोषणापत्र स्पेनमधल्या सालामांका शहरातच झालं. तिथे प्राथमिक शिक्षकाची पदवी ४ वर्षांची, २४० क्रेडिटची असते आणि त्यातच उपचारात्मक अध्यापन किंवा श्रवण-भाषा हे विशेष विषय घेता येतात. पण शिकवणं स्पॅनिशमध्ये, आणि सराव तिथल्या लहान मुलांबरोबर, तेव्हा बी२च्या खाली जाऊ नका. परतून इथे शिकवायचं असेल तर परिषदेची नोंदणी वेगळी लागेल. ती पदवी धरली जाईल का, हे निघण्याआधी परिषदेला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.