कोड वाचण्याआधी बॉनेटखाली काय पाहावे?

प्रश्न : माझ्या २०१६ सालच्या पेट्रोल गाडीचा ‘चेक इंजिन’ दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनरवर ‘पी ०१७१’ हा कोड आला, म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलला. पण आठवडाभरात दिवा पुन्हा लागला. आता कोणती चाचणी करून घ्यावी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : चाचणीपूर्वी दहा मिनिटे नुसती नजरेने तपासणी करावी, ती आधीच झाली असती, तर सेन्सरचा खर्च बहुधा वाचला असता, याचे खरोखर वाईट वाटते. ‘पी ०१७१’चा अर्थ एवढाच की, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होते आहे. ती कुठून येते, हे कोड सांगत नाही, आणि ऑक्सिजन सेन्सर बिचारा एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजून फक्त वर्दी देत असतो.

इंजिन बंद आणि थंड असताना टॉर्च घेऊन एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटल बॉडीपर्यंत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेपर्यंत) जाणारी जाड रबरी नळी पाहावी. वरून ती धडधाकट दिसते. तिच्या चुण्या दोन्ही हातांनी ताणून, खालची बाजूही पाहिली, तरच आतली चीर दिसते. गाडीत एअर फ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) असेल, तर त्याच्या पुढच्या अशा चिरेतून शिरलेली हवा मोजलीच जात नाही आणि त्या हिशेबाने पेट्रोल कमी सोडले जाते. नळीच्या क्लिपा, ब्रेक बूस्टरची नळी, बारीक व्हॅक्यूम नळ्यांची कडक होऊन तडकलेली टोके, नीट न बसलेली डिपस्टिक आणि ऑइलचे झाकण हेही त्याच ओघात पाहावे.

पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी असेल, तर उंदरांनी कुरतडलेली वायर आणि लेंड्या जरूर शोधाव्यात. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचली असेल किंवा इंजिनाची अर्थची पट्टी सैल असेल, तर सेन्सरची आकडेवारीही बिघडू शकते. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीचा व्होल्टेज सुमारे १२.६ असतो. कूलंटची पातळी टाकीवरच्या खुणेवरून पाहावी, इंजिन गरम असताना कूलंटचे झाकण मात्र कधीही उघडू नये.

एवढे होऊनही काही सापडले नाही, तर मेकॅनिकला स्कॅनरवर ‘फ्युएल ट्रिम’, म्हणजे इंजिनाचा संगणक पेट्रोल किती वाढवतो किंवा घटवतो याचा आकडा, पाहायला सांगावे. एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत तो आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना) बराच वाढलेला आणि २५०० आरपीएमला उतरत असेल, तर हवेची गळती नजरेतून सुटली आहे असे धरून स्मोक टेस्ट (नळ्यांत धूर सोडून गळती शोधण्याची चाचणी) करून घ्यावी.