वाचकांचे प्रश्न: बावधनहून पळायचं कुठं, सायकल न्यायची कुठं?

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न बावधन, पाषाण, सूस, भूगाव याच पट्ट्यातले आहेत, म्हणून पुण्याची ही पश्चिमेची बाजू एकत्रच घेतोय.

प्रश्न: वय ४४. मागच्या वर्षी बावधनला राहायला आलो. सोसायटीतच गोल गोल पळतो, ५ किलोमीटर होतात, पण आता डाव्या गुडघ्याची बाहेरची बाजू दुखते आणि कंटाळाही येतो. १० के करायचंय. बाहेर कुठं पळू?

दादा, आधी ते गोल गोल पळणं बंद करा. रोज एकाच दिशेनं वळत पळायचं आणि तेही पेव्हर ब्लॉकवर, तर गुडघ्याची बाहेरची बाजू तक्रार करणारच. विश्रांती घेऊनही दर वेळी त्याच जागी दुखत असेल तर फिजिओकडे जा, नुसतं मलम चोळत बसू नका.

आठवड्यातल्या दिवसांसाठी पाषाण तलावाची बाजू बरी. तिथं मातीची वाट आहे, झाडं आहेत, थंडीत पक्षीही दिसतात. जलपर्णी वाढली की वास येतो, तेवढं सोसायचं. पाषाण-सूस रोडवर मात्र पळू नका, फुटपाथ कुठं आहे कुठं नाही आणि जिथं आहे तिथं गाड्या लावलेल्या.

सुटीच्या दिवशी पंचवटीच्या बाजूनं वेताळ टेकडीवर चढा, मी कुणालाही हेच सांगतो. शहराच्या आत इतकी उंच जागा दुसरी नाही, माथा समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटरवर आहे. चढ सलग पळत जायची गरज नाही, चालत चढा, वरच्या सपाटीवर पळा. खरी काळजी उतरताना घ्यायची, कारण सुट्या मुरमातले बारीक खडे बुटाखाली छर्‍यांसारखे फिरतात आणि माणूस घाबरून मागे झुकतो, मग टाच सरकते आणि थेट बुडावर आपटतो. अंग किंचित पुढं ठेवायचं, पावलं छोटी, गुडघा थोडा वाकलेला, नजर तीन-चार पावलं पुढं. गुडघा दुखतोय तोवर उतारही चालतच उतरा. आठवड्याचं अंतर एकदम वाढवू नका, दहा टक्क्यांच्या आत ठेवा.

आणि टेकडीवर जाताय तर टेकडीसाठी बोलाही. बालभारती ते पौड फाटा असा रस्ता तिथून काढायचा विषय कितीतरी वर्षं निघतोय आणि लोक विरोध करतायत, माझं मत स्पष्ट आहे, ही टेकडी अशीच राहिली पाहिजे. पायाखाली माती लागणार्‍या जागा आता या शहरात उरल्यात किती?

प्रश्न: मी २३ वर्षांची आहे, नुकतीच हायब्रिड सायकल घेतली. रविवारी पिरंगुटपर्यंत जायचंय पण घरचे मुळशी रोडला घाबरतात. दुसरा रस्ता आहे का?

घरच्यांचं चुकत नाहीये. चांदणी चौक ते पिरंगुट अंतर जेमतेम १०-११ किलोमीटर, पण सकाळी साडेसात-आठनंतर आणि त्यातून पावसाळी रविवार असेल तर ताम्हिणीला निघालेल्या गाड्यांच्या रांगेत सायकल चालवण्यात काही मजा नाही. म्हणून उजाडता उजाडता निघ आणि त्याच रस्त्यानं परत येऊ नकोस. जाताना भूगाव, भुकूम, पिरंगुटचा घाट, मग लवळे फाट्यावरून आत वळायचं आणि लवळे, नांदे, सूस करत पाषाणला उतरायचं. पंचवीस-तीस किलोमीटरची मस्त फेरी होते, लवळ्याच्या आसपास अजून शेतं दिसतात, डोंगर जवळ येतो.

चांदणी चौकातला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पाडला आणि नवीन रस्ते ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाले, गाड्यांना ते बरं झालं, पण सायकलवाल्याला तिथले रॅम्प अवघडच जातात कारण मागून येणारी गाडी वेगात असते आणि कुठल्या रॅम्पला जाणार ते शेवटपर्यंत कळत नाही. शंका आली की उतरायचं, सायकल हातात धरून कडेनं जायचं, त्यात कमीपणा नाही.

पिरंगुटचा घाट छोटा आहे. गिअर चढ लागायच्या आधी हलका कर, मध्येच जोर लावून बदललास तर चेन उतरते. उतारावर वळणात शिरायच्या आधी वेग कमी कर, वळणात ब्रेक दाबू नको. लवळे-नांदेच्या पट्ट्यात खाणी आणि खडी मशीन आहेत, डंपरमधून सांडलेली खडी नेमकी वळणावर साठते आणि सायकलचं पुढचं चाक त्यावर गेलं की सावरता येत नाही. डंपर मागून आला तर रस्ता सोडून थांब, तो जाऊ दे, धूळ बसू दे, मग निघ. एरवी मात्र डांबराच्या अगदी कडेला चिकटून चालवू नको, दोन-तीन फूट आत राहा, कारण कड तुटलेली असते आणि कडेला गेलं की गाडीवाले अजून जवळून काढतात. मागचा लाल लाईट दिवसाही चालू ठेव. जास्तीची ट्यूब आणि पंप सोबत हवाच आणि पंक्चर काढायला घरीच शीक, एकदा हात बसला की पंधरा मिनिटांचं काम आहे.

पहिल्या वेळी कुणालातरी सोबत ने. पिरंगुटला पोहे-चहा करून निघालात तर उन्हाच्या आत घरी.

प्रश्न: सूसला राहते, वय ५२. पहाटे सव्वापाचलाच वेळ मिळतो. अंधार आणि कुत्री, दोन्हीची भीती वाटते. काय करू?

ताई, भीती रास्त आहे. रोज तोच एक-दीड किलोमीटरचा दिवे असलेला पट्टा धरा आणि जा-ये करा, दूधवाला, वॉचमन, तिथली कुत्रीसुद्धा ओळखायला लागतात. रस्त्याच्या उजव्या बाजूनं, समोरून येणार्‍या गाड्या दिसतील असं पळा, फिकट रंगाचे कपडे घाला आणि कानात काही घालू नका. टेकडी किंवा आतला रस्ता पूर्ण उजाडल्याशिवाय नाही, एकटीनं तर नाहीच.

कुत्रं अंगावर आलं तर पळायचं थांबवा, पाठ फिरवू नका, हळूहळू चालत लांब व्हा. पळणार्‍याच्या मागे ते लागतंच. चावलंच, अगदी नुसता ओरखडा उठला तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा, हळद वगैरे भरू नका.

प्रश्न: सायकल चालवायला लागून एक महिना झाला. सिंहगड घाट करू का?

आत्ता नको. आधी एनडीएच्या मागून कुडजे, मांडवी, सांगरूणकडे जाणार्‍या रस्त्यावर चढ-उतारांची सवय करा. उत्तमनगर, शिवणे तेवढं गर्दी व्हायच्या आत मागे टाका, पुढं रस्ता मोकळा होतो. तिथं दोन-तीन तास न थकता चालवता आली की घाट करा, पण पावसाळ्यात दरडींमुळे घाटरस्ता बंद ठेवतात, म्हणून निघायच्या आधी चौकशी करूनच जा.